क्विनाइन सुधारणाऱ्यांनीच क्विनाइन बाजूला ठेवले : बँकॉकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाचे एक प्रकरण

हा अभ्यास बँकॉकच्या महिदोल विद्यापीठाने घेतलेल्या एका निर्णयाचा आहे : गंभीर हिवतापावर क्विनाइन या जुन्या औषधाऐवजी आर्टेसुनेट हे नवे औषध द्यावे का, हे ठरवण्याचा. संस्था, वर्षे आणि आकडे प्रसिद्ध झालेले आहेत. रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर यांची नावे मात्र मुद्दाम वगळली आहेत, कारण मला इथे कोणा एकाचे कर्तृत्व सांगायचे नसून निर्णय कसा झाला ते दाखवायचे आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण शिकवताना मी दर वेळी एका ठिकाणी अडखळतो. ती जागा शेवटच्या भागात आहे.

पार्श्वभूमी

महिदोल हे मुळात वैद्यकाचेच विद्यापीठ. १९४३ साली ते 'वैद्यकशास्त्र विद्यापीठ' म्हणून सुरू झाले. १९६९ मध्ये त्याला राजपुत्र महिदोल यांचे नाव मिळाले. राजा भूमिबोल यांचे हे वडील, स्वतः डॉक्टर आणि थायलंडच्या आधुनिक वैद्यकाचे जनक मानले जाणारे. उष्णकटिबंधीय रोगांची स्वतंत्र विद्याशाखा १९६० ची. १९७९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्यासोबत तिथे संशोधन विभाग उभा राहिला. पुढे ज्याची चर्चा आहे ते काम याच विभागाचे.

हा विभाग बँकॉकमध्येच का, याचे कारण भूगोलात आहे. क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधाला दाद न देणारा फॅल्सिपॅरम हिवताप (हिवतापाचा सगळ्यात घातक प्रकार) जगात ज्या पहिल्या ठिकाणी दिसला त्यात थायलंड-कंबोडियाची सीमा होती, तीही १९५० च्या दशकाच्या अखेरीस. जगाला पुढे भेडसावणारी अडचण या लोकांच्या वॉर्डात वीस वर्षे आधीच येऊन बसलेली होती. त्यामुळे इथल्या डॉक्टरांना खाटेशेजारी बसून, मोजून, लिहून ठेवून काम करायची सवय लागली.

दोन उदाहरणे देतो. मेंदूच्या हिवतापात बेशुद्ध पडलेल्या रुग्णाला डेक्सामिथासोन द्यायची तेव्हा सर्रास पद्धत होती. मेंदूला सूज आहे, मग स्टिरॉइड द्या, असा साधा तर्क. पूर्व थायलंडातल्या चंथाबुरीच्या रुग्णालयात १०० बेशुद्ध रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली आणि १९८२ मध्ये निकाल छापून आला. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट डेक्सामिथासोन मिळालेले रुग्ण जास्त वेळ बेशुद्ध राहिले आणि त्यांच्यात गुंतागुंतही जास्त झाली. ती पद्धत तिथेच संपली.

दुसरे उदाहरण क्विनाइनचे, आणि ते या प्रकरणाच्या गाभ्याशी आहे. गंभीर हिवतापात पहिला डोस दुप्पट द्यावा, म्हणजे रक्तात औषधाची पुरेशी पातळी लवकर गाठली जाते, हे याच गटाने थायलंडात दाखवले. क्विनाइनमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन जास्त सुटते आणि रुग्णाची साखर धोकादायक खाली जाते, हेही त्यांनीच १९८३ मध्ये मांडले. क्विनाइन कसे द्यावे याचे जगभरातले नियम बऱ्याच अंशी या माणसांनी घडवले. पुढे त्याच क्विनाइनला बाजूला काढायची वेळ त्यांच्यावरच आली.

अडचण

२००० च्या आसपास गंभीर हिवतापाचा रुग्ण जगात कुठेही दाखल झाला तरी त्याला क्विनाइनच मिळायचे. नियमाप्रमाणे सगळे केले तरी प्रौढांत साधारण पाचातला एक दगावायचा.

क्विनाइन देणे म्हणजे काय हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. ५० किलोचा माणूस धरा. किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे पहिला डोस १००० मिलिग्रॅमचा. तो सलाईनमधून चार तासांत सोडायचा. जोरात गेला तर रक्तदाब कोसळतो, हृदयाची लय बिघडते. मग दर आठ तासांनी निम्मा डोस, तोही सावकाश. मध्ये मध्ये साखर तपासत राहायचे, कारण रुग्ण आधीच बेशुद्ध असतो. साखर उतरल्यामुळे तो आणखी खोल गेला, तर नुसते बघून कोणाला कळत नाही. उमेदवारीच्या काळात एका ग्रामीण रुग्णालयात मी असे रुग्ण रात्रभर पाहिलेले आहेत. सलाईनचे थेंब घड्याळ लावून मोजायचे. सिस्टर एक आणि खाटा वीस. थेंब कधी मंदावायचे, कधी धावायचे.

याउलट चीनमध्ये वेगळेच औषध हाताशी होते. १९६७ मध्ये सुरू झालेल्या गुप्त सरकारी मोहिमेत तू यूयू यांच्या गटाने १९७२ मध्ये चिंगहाव या वनस्पतीपासून आर्टेमिसिनिन वेगळे केले. (त्याचे नोबेल त्यांना २०१५ मध्ये मिळाले.) त्यावरून पुढे बनलेले आर्टेसुनेट पाण्यात विरघळणारे असल्यामुळे थेट शिरेतून देता येते. ते हिवतापाच्या परजीवींना फार लवकर मारते हे थायलंडच्या वॉर्डांत अनेकदा दिसले होते. पण परजीवी लवकर मरणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसे जास्त वाचतात याचा पुरावा नव्हता.

शिवाय हाती आलेले पुरावे फायदा ठामपणे दाखवत नव्हते. आर्टेमिसिनिनच्याच घराण्यातल्या आर्टेमेथरच्या दोन मोठ्या चाचण्या १९९६ मध्ये छापून आल्या. व्हिएतनाममधल्या ५६० प्रौढांत आर्टेमेथर मिळालेल्यांपैकी १३ टक्के आणि क्विनाइन मिळालेल्यांपैकी १७ टक्के दगावले. हा फरक योगायोगाचा असू शकतो इतपतच होता. गांबियातल्या ५७६ मुलांत तर २०.५ आणि २१.५ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. बऱ्याच जणांनी यातून निष्कर्ष काढला की नवे औषध जुन्याइतकेच चांगले आहे, मग बदलायचे कशाला? क्विनाइन स्वस्त आहे, सर्वत्र मिळते, डॉक्टरांच्या हातात बसलेले आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे काहीच न करणे. त्याला आधार होता, वर सांगितलेलाच.

दुसरा पर्याय, आर्टेसुनेट सरळ वापरायला लागणे. थायलंडात हे शक्य होते, कारण तिथल्या अनुभवी डॉक्टरांची स्वतःची खात्री पटलेली होती. पण त्यांच्या खात्रीवर दुसऱ्या देशातला आरोग्यमंत्री औषध बदलणार नव्हता. शिवाय डेक्सामिथासोनच्या बाबतीतही डॉक्टरांची खात्रीच होती, हे या विभागाला विसरता येण्यासारखे नव्हते.

तिसरा, थायलंडात आणखी एक नेटकी छोटी चाचणी. हा पर्याय कागदावर सोपा, म्हणून मोहात पाडणारा. पण थायलंडात एव्हाना गंभीर हिवतापाचे रुग्ण कमी झाले होते आणि मृत्यूचे प्रमाणही उतरले होते. मृत्यूच्या प्रमाणातला १५ आणि २२ टक्के असा फरक शंभर-दोनशे रुग्णांत पक्का दिसत नाही, त्याला हजाराच्या वर रुग्ण लागतात. व्हिएतनामच्या चाचणीचे तेच झाले. फरक कदाचित होता, पण चाचणी तो धरू शकेल एवढी मोठी नव्हती.

चौथा पर्याय, जिथे माणसे खरोखर मरत होती तिथे जाणे. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, म्यानमार. हा सगळ्यात अवघड होता. तिथल्या सरकारी रुग्णालयांत व्हेंटिलेटर नाही, डायलिसिस असले तर नशीब, नोंदी अर्धवट. आणि प्रत्येक देशाची नैतिक समिती, भाषा, औषध आयातीचे नियम वेगळे.

विभागाने चौथा पर्याय निवडला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. आधीच्या निकालांचा त्यांनी लावलेला अर्थही लक्षात घेण्याजोगा आहे. आर्टेमेथर तेलात असते, ते स्नायूत टोचावे लागते. रक्ताभिसरण मंदावलेल्या गंभीर रुग्णात ते स्नायूतून हळूहळू आणि बेभरवशाने रक्तात उतरते. आर्टेसुनेट शिरेतून लगेच पोहोचते. एक भाऊ नापास झाला म्हणून दुसऱ्याला परीक्षेलाच बसू द्यायचे नाही, हे त्यांना पटले नाही. आणि औषधनिर्माणशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होते.

काय केले

जून २००३ मध्ये चाचणी सुरू झाली. सहभागी रुग्णालयांत बांगलादेशातले चितगाव मेडिकल कॉलेजचे होते आणि आपल्याकडचे राउरकेल्याचे इस्पात जनरल हॉस्पिटल होते. राउरकेला पोलाद कारखान्याच्या या रुग्णालयात सुंदरगडच्या आदिवासी पट्ट्यातून हिवतापाचे रुग्ण येत.

आखणी साधी ठेवली होती आणि ती तशी ठेवायलाही हिंमत लागते. रॅपिड टेस्टमध्ये फॅल्सिपॅरम निघाला आणि तपासणाऱ्या डॉक्टरच्या मते रुग्ण गंभीर आहे, एवढे झाले की रुग्ण चाचणीत घेता येई. महागड्या तपासण्यांची अट नव्हती. मोठ्या रुग्णालयात बसणारी अट जिल्ह्याच्या वॉर्डात रुग्णाला बाहेर ठेवते, आणि मग जे उत्तर येते ते जिल्ह्याच्या वॉर्डाला लागू पडत नाही.

कोणाला कोणते औषध, हे बंद लिफाफ्यातून ठरत असे. नातेवाइकांची संमती मिळाल्यावरच लिफाफा उघडायचा. त्यानंतर मात्र डॉक्टर आणि सिस्टर दोघांनाही औषध कोणते ते कळायचे. हा दुसरा मोठा निर्णय. आदर्श चाचणीत दोघांपासूनही ते लपवलेले असते. पण एक औषध चार तासांच्या सलाईनमधून जाते आणि दुसरे दोन-तीन मिनिटांत टोचून होते. हे लपवायचे तर आर्टेसुनेटच्या रुग्णालाही खोटी सलाईन चार तास लावावी लागेल, आणि क्विनाइनने कानात घुमते, ऐकू कमी येते, त्यावरून औषध ओळखू येतेच. आधीच धावपळ असलेल्या वॉर्डावर हे ओझे कशाला? शिवाय मोजायचे होते मृत्यू. रुग्ण गेला की नाही यावर डॉक्टरच्या मताचा परिणाम होत नाही. उघड चाचणी करायची परवानगी या निकषानेच त्यांना दिली.

आर्टेसुनेटची मात्रा अशी होती : किलोमागे २.४ मिलिग्रॅम, दाखल झाल्याबरोबर, १२ तासांनी, २४ तासांनी आणि मग रोज एकदा. वर घेतलेल्या ५० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या. कुपीत पांढरी कोरडी पूड असते. सोबतच्या अँप्यूलमधला सोडियम बायकार्बोनेट त्यात घालायचा, हलवायचे. बुडबुडे येतात, आधी ढगाळ दिसते, मग पाण्यासारखे स्वच्छ होते. त्यात डेक्स्ट्रोज किंवा सलाईन मिसळून सावकाश शिरेत. एवढेच. ना थेंब मोजणे, ना चार तास खाटेशी बांधून राहणे.

या औषधाबाबतही एक अवघड निर्णय होता. इंजेक्शन चीनच्या ग्वेलिन शहरातल्या कारखान्यात तयार होत होते आणि त्या कारखान्याकडे तेव्हा आंतरराष्ट्रीय उत्पादन-दर्जाची मान्यता नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता, त्या इंजेक्शनला २०१० मध्ये मिळाली. कागद पूर्ण होईपर्यंत थांबायचे की उपलब्ध औषध वापरून चाचणी करायची? त्यांनी चाचणी केली. ज्या औषधाची गरजच सिद्ध झालेली नाही, त्याच्या कारखान्यावर कोण पैसे घालणार, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण निकाल लागल्यावर कारखाना तयार नसल्याची किंमतही मोजावी लागली, ती पुढे येते.

निष्पत्ती

चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने मधल्या टप्प्याचे आकडे पाहिले आणि मे २००५ मध्ये नवे रुग्ण घेणे थांबवायला लावले. फरक इतका मोठा होता की आणखी रुग्णांना क्विनाइनच्या गटात टाकणे योग्य नव्हते.

एकूण १४६१ रुग्ण होते. आर्टेसुनेट मिळालेल्या ७३० पैकी १०७ दगावले, म्हणजे १५ टक्के. क्विनाइन मिळालेल्या ७३१ पैकी १६४, म्हणजे २२ टक्के. साधारण दर १३ रुग्णांना क्विनाइनऐवजी आर्टेसुनेट दिले की एक जास्तीचा जीव वाचतो. साखर उतरण्याचे प्रमाण क्विनाइनच्या गटात तिपटीहून अधिक होते. ज्यांच्या रक्तात परजीवींची संख्या फार होती त्यांच्यात फरक आणखी ठळक दिसला.

याचे कारण समजायला परजीवीचे वय बघावे लागते. तरुण परजीवी रक्तात फिरत असतो. मोठा झाला की ज्या लाल पेशीत तो आहे ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटते आणि मेंदू, मूत्रपिंड यांचा रक्तपुरवठा तुंबतो. क्विनाइन मुख्यतः मोठ्या झालेल्या परजीवीवर चालते, म्हणजे बहुतेक नुकसान झाल्यावर. आर्टेसुनेट तरुण परजीवीलाही मारते, तो चिकटायच्या आधी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रौढांसाठी आर्टेसुनेटची शिफारस केली. मुलांबाबत मात्र तसे झाले नाही. या चाचणीत १५ वर्षांखालची मुले फक्त २०२ होती, आणि जगात हिवतापाने मरणारे बहुतेक जण आफ्रिकेतली लहान मुले. तेव्हा ऑक्टोबर २००५ मध्ये त्याच विभागाने आफ्रिकेतल्या ९ देशांत दुसरी चाचणी सुरू केली. ५४२५ मुले. जुलै २०१० मध्ये ती संपली. आर्टेसुनेटच्या गटात २३० मुले दगावली, ८.५ टक्के. क्विनाइनच्या गटात २९७, म्हणजे १०.९ टक्के. २०११ मध्ये शिफारस मुलांनाही लागू झाली.

शिफारस झाली म्हणून औषध लगेच कपाटात आले असे नाही. मान्यताप्राप्त दर्जाचे इंजेक्शन तेव्हा एकाच कारखान्याचे, त्याची पूर्वपात्रता २०१० ची, आणि किंमत क्विनाइनपेक्षा जास्त. अमेरिकेत तर रीतसर मंजुरी २०२० मध्ये आली. पुढे एक दुष्परिणामही लक्षात आला : बरे होऊन घरी गेलेल्या काही रुग्णांत एक-दोन आठवड्यांनी लाल पेशी फुटून रक्त कमी होते. म्हणून अशा रुग्णाला हिमोग्लोबिन तपासायला परत बोलवावे लागते.

याच विभागाने २००९ मध्ये आणखी एक गोष्ट जगापुढे ठेवली आणि ती स्वतःच्या यशाच्या विरोधात जाणारी होती. कंबोडियातल्या पैलिन भागात आर्टेसुनेट दिल्यावरही परजीवी रक्तातून जायला फार वेळ लागत होता. म्हणजे ज्या औषधासाठी एवढी धडपड केली त्याच्याविरुद्ध प्रतिकार सुरू झाला होता, आणि ते सांगायला ते कचरले नाहीत. क्विनाइनच्या वेळी जो प्रामाणिकपणा दाखवला तोच इथेही. विद्यापीठाची ओळख मी यावरून करतो.

आपल्याकडे भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही आता गंभीर हिवतापासाठी शिरेतून आर्टेसुनेट दिले जाते. महाराष्ट्रात याचा सगळ्यात जास्त उपयोग गडचिरोलीला, कारण राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा त्या एका जिल्ह्याचा आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, रुग्णाला पुढे हलवता येत नाही. तिथे चार तासांच्या सलाईनऐवजी दोन कुप्या पुरणे याचा अर्थ शहरातल्या रुग्णालयातून समजणार नाही.

वेगळे काय करता आले असते

मी अडखळतो ती जागा ही. आफ्रिकेतल्या चाचणीत क्विनाइन मिळालेल्या २९७ आणि आर्टेसुनेट मिळालेल्या २३० मुलांत ६७ चा फरक आहे. प्रौढांचा निकाल २००५ मध्ये हाती असताना मुलांना क्विनाइन देत राहणे बरोबर होते का?

विद्यार्थी बहुधा एका आवाजात 'नाही' म्हणतात. मग मी त्यांना गांबियाचे आकडे पुन्हा दाखवतो. मुलांमध्ये आर्टेमेथरचा फायदा दिसला नव्हता. आफ्रिकेतल्या मुलांना हिवताप वारंवार होतो, त्यांची थोडी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, आणि त्यांचा आजार प्रौढांसारखा वागत नाही : मूत्रपिंडे क्वचित बंद पडतात, रक्त फार कमी होते, झटके येतात. आशियातल्या प्रौढांचा निकाल त्यांना तसाच लावता येईल अशी खात्री कोणाकडेच नव्हती. आणि चाचणीविना आफ्रिकेतली सरकारे क्विनाइनवरच राहिली असती, म्हणजे चाचणीबाहेरच्या सगळ्या मुलांना तेच मिळत राहिले असते. हा युक्तिवाद मला मान्य आहे. तरी ६७ हा आकडा त्याने लहान होत नाही.

माझ्या मते चूक झाली असेल तर ती २००५ मधली नसून २००३ मधली आहे. मरणाऱ्यांत मुले जास्त आहेत हे तेव्हाही माहीत होते. आशियातली चाचणी सुरू होतानाच आफ्रिकेतल्या चाचणीची तयारी, परवानग्या, पैसा उभा करायला हवा होता. दोन्ही समांतर चालल्या असत्या तर मुलांसाठीची शिफारस दोन-तीन वर्षे आधी आली असती. अर्थात आशियाचा निकाल नसताना एवढ्या मोठ्या चाचणीला पैसे कोणी दिले असते का, हा प्रश्न उरतोच, आणि तो पैसे देणाऱ्यांना विचारायला हवा.

दुसरी गोष्ट कारखान्याची. चाचणी चालू असतानाच औषधाच्या दर्जाची मान्यता मिळवण्याचे काम कोणाकडे तरी सोपवलेले असते, तर २००६ ची शिफारस आणि २०१० ची पूर्वपात्रता यांत चार वर्षे गेली नसती. संशोधन विद्यापीठाचे आणि उत्पादन दुसऱ्या कोणाचे, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. मधली जागा कोणाचीच नसते.

तिसरी गोष्ट संमतीची. रुग्ण बेशुद्ध, बाहेर आई किंवा भाऊ उभा, आणि अर्ध्या तासात ठरवायचे. कागद वाचून दाखवला जातो, अंगठा उमटतो. नियम पाळला गेला हे खरे. पण त्या क्षणी त्या माणसाला 'दोन्हींपैकी कोणते चांगले हे आम्हालाच माहीत नाही' हे वाक्य किती पोहोचते? माझ्या विद्यार्थ्यांना मी ते वाक्य गोंडीत, कोकणीत, आपापल्या गावच्या मराठीत म्हणून दाखवायला सांगतो. बहुतेकांना पहिल्या खेपेला ते जमत नाही. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला पुन्हा एकदा सगळे नीट सांगून त्याची स्वतःची संमती घ्यायला हवी, आणि नको म्हणाला तर त्याच्या नोंदी वगळायलाही तयार असायला हवे.

आपल्याकडेही अशी कामे होतात. अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेने २०१० मध्ये जगभर हिवताप संशोधनाची केंद्रे उभी केली, त्यातल्या दक्षिण आशियाच्या केंद्रात बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज सहभागी झाले. अशा कामात आपला वॉर्ड नुसता रुग्ण आणि रक्ताचे नमुने पुरवणार, की प्रश्नही तिथूनच निघणार, हे पहिल्या करारावर सही करतानाच ठरते. बँकॉकच्या बाबतीत प्रश्न वॉर्डातून निघाला होता : खाटेवरचा माणूस, चार तासांची सलाईन आणि उतरत चाललेली साखर.